समुद्रातला की टाकीतला? क्लाऊनफिश घेण्यापूर्वी

दुकानाच्या टाकीत शेजारी शेजारी पोहणारे दोन क्लाऊनफिश दिसायला सारखेच असतात. तोच तजेलदार नारिंगी रंग, काळ्या कडांचे तेच तीन पांढरे पट्टे आणि पाण्यात डुलत चालण्याची तीच विदूषकी ढब. मात्र त्यांतील एक प्रवाळभित्तीवरच्या आपल्या घरातून जाळ्याने उचललेला असू शकतो, तर दुसऱ्याने समुद्र कधी पाहिलेलाच नसतो. त्याचा, त्याच्या आईबापांचा आणि कदाचित त्यांच्याही आईबापांचा जन्म काचेच्या पेटीत झालेला असतो. हा फरक दुकानदार सहसा आपण होऊन सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. मासा घरी आल्यावर तो जगतो की आठवडाभरात तळाशी पडतो, हे मात्र पुष्कळदा या न विचारलेल्या प्रश्नावरच ठरते.

गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे मासे पिढ्यानपिढ्या तळ्यांत आणि टाक्यांत पैदा केले जातात. खाऱ्या पाण्याचे चित्र नेमके उलटे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी २ कोटी ते २ कोटी ४० लाख समुद्री शोभिवंत माशांचा व्यापार होत होता आणि त्यांच्या जाती होत्या १,४७१. त्यांतील बहुतेक मासे थेट प्रवाळभित्तींवरून उचललेले होते. क्लाऊनफिश हा त्या व्यापारातील सर्वाधिक मागणी असलेल्या माशांपैकी एक. तथापि समुद्री माशांमध्ये बंदिस्त पैदास सर्वप्रथम आणि सर्वांत चांगली साधली तीही त्याचीच. म्हणजे येथे निवड करण्याची सोय खरोखरच उपलब्ध आहे. टँग किंवा फुलपाखरू माशाची हौस असणाऱ्याला ती क्वचितच मिळते.

क्लाऊनफिशच्या सुमारे ३० जाती हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उबदार, उथळ पाण्यात आढळतात. भारतात अंदमान-निकोबारच्या भित्तींवर ओसेलॅरिस, लक्षद्वीपमध्ये काळ्या पोटाचा नायग्रिपीस आणि पिवळसर शेपटीचा क्लार्की, तर तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात सेबी ही जात दिसते. पर्क्युला ही जात मात्र मुख्यतः पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याच्या परिसरात आढळते. भारतातील दुकानात ‘पर्क्युला’ म्हणून दाखवला जाणारा मासा एक तर परदेशातून आलेला असतो, नाही तर टाकीत जन्मलेला असतो, आणि बरेचदा तो मुळात पर्क्युला नसून ओसेलॅरिस असतो. दोघांत इतके साम्य आहे की खात्री करायची तर पाठीवरच्या पराचे काटे मोजावे लागतात. पर्क्युलाला ते बहुधा १० असतात आणि ओसेलॅरिसला ११.

या माशाचे जीवन समजून घेतल्याशिवाय त्याला समुद्रातून उचलण्याचा अर्थ कळत नाही. क्लाऊनफिश समुद्रफुलाच्या, म्हणजेच अ‍ॅनिमोनच्या, विषारी स्पर्शिकांमध्ये राहतो. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत श्लेष्मामुळे त्या डंखांचा त्याला त्रास होत नाही. जगात समुद्रफुलांच्या जाती हजारभर असल्या, तरी या माशांना आसरा देणाऱ्या जाती जेमतेम दहा आहेत. एका फुलात माशांचे एक छोटे कुटुंब नांदते असे वाटते खरे, पण ते कुटुंब नव्हे. त्यातील मासे सहसा एकमेकांचे नातलग नसतात. ती एक रांग असते. सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर आणि त्यांच्या खालचे सारे प्रजननाचा अधिकार नसलेले उमेदवार. प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा लहानच राहील एवढ्या बेताने वाढतो, कारण वरच्याच्या अंगाला अंग भिडवण्याइतका मोठा झाला तर त्याला फुलाबाहेर हाकलले जाते. मादी मेली की नराचे मादीत रूपांतर होते आणि रांगेतला पुढचा नर बनतो. ‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या चित्रपटात आई गेल्यावर बाप पिल्लाला शोधत समुद्र पालथा घालतो. जीवशास्त्राच्या नियमाने त्या बापाची एव्हाना आई व्हायला हवी होती, पण बालचित्रपटाला तेवढी सूट द्यायला हरकत नाही.

ही रांग फार सावकाश पुढे सरकते. पापुआ न्यू गिनीतील पर्क्युलाच्या मृत्युदरावरून संशोधकांनी २००७ साली असा अंदाज मांडला की मादीचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत जाऊ शकते. हातभर लांबीच्या माशाच्याही वाट्याला न येणारे आयुष्य या बोटभर जिवाला लाभते, ते फुलाच्या पहाऱ्यामुळे. पकडणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते मोठे, ठळक रंगाचे मासे. म्हणजे नेमकी प्रजनन करणारी जोडी. ती उचलली गेली की खालचे उमेदवार वाढून, लिंग बदलून अंडी घालू लागेपर्यंत त्या फुलातील प्रजनन थांबते. सारेच मासे नेले तर फुलावरही संकट येते. फुलपाखरू मासे समुद्रफुलाच्या स्पर्शिका कुरतडून खातात आणि त्यांना पिटाळून लावण्याचे काम क्लाऊनफिशच करतो. घर सोडून तो पळत नाही, त्याच फुलात दडी मारतो. त्यामुळे त्याला पकडणे हे समुद्रातील सर्वांत सोप्या शिकारींपैकी एक ठरते. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात प्रवाळातील मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याची घातक प्रथा कुप्रसिद्ध आहे. पण क्लाऊनफिशसाठी साधे हातजाळेही पुरते.

याचा परिणाम मोजलाही गेला आहे. फिलिपिन्समधील सेबू बेटाजवळच्या भित्तींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेथील मत्स्यालय-व्यापारासाठी गोळा होणाऱ्या जिवांपैकी जवळजवळ ६० टक्के क्लाऊनफिश आणि समुद्रफुले होती. आणि जेथे ही पकड चालते, तेथे संरक्षित भागाच्या तुलनेत दोघांचीही संख्या लक्षणीयरीत्या कमी आढळली. समुद्र विशाल आहे, एकीकडचे मासे गेले तरी दुसरीकडून पिल्ले वाहत येतील, हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात संशोधकांनी पर्क्युलाच्या पिल्लांचा माग काढला, तेव्हा एका लहान बेटाभोवती स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटाच्या भित्तीवर जन्मलेली निघाली. प्रवाहाबरोबर दहा-बारा दिवस भरकटून ती घरीच परतली होती. भित्ती रिकामी केली तर तिला पुन्हा भरणारे बीज मुख्यतः तिचेच असते, आणि तेच आपण पिशवीत भरून नेलेले असते.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. क्लाऊनफिश नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, असे म्हणण्यास आधार नाही. पर्क्युलाला धोक्यातील प्रजाती घोषित करावे, ही मागणी अमेरिकेच्या सागरी मत्स्यसेवेने २०१५ साली तपासून फेटाळली. समुद्राचे पाणी तापून प्रवाळ आणि समुद्रफुले पांढरी पडणे हे पकडीपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. पकडीचे नुकसान जागतिक नसून स्थानिक असते. ज्या भित्तीवर आधीच तापमानाचा घाला पडला आहे, तिला ते अधिक जड जाते.

आता टाकीत जन्मलेल्या माशाकडे वळू. अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी क्लाऊनफिशची व्यापारी पैदास साधली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांनी सेबी, ओसेलॅरिस, पर्क्युला अशा जातींच्या पैदाशीचे तंत्र बसवले, तर तमिळनाडूत परंगीपेट्टै येथील अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्रानेही या क्षेत्रात मोलाचे काम केले. महाराष्ट्रात नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानने समुद्री शोभिवंत माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारले आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभिवंत माशांच्या संगोपनासाठी अर्थसाह्याची तरतूद आहे.

तंत्र वाचायला सोपे आहे, करायला नाही. जुळलेली जोडी टाकीतल्या मातीच्या कुंडीवर किंवा फरशीच्या तुकड्यावर साधारण दर पंधरवड्याला काहीशे अंडी घालते. नर त्यांना परांनी वारा घालतो, तोंडाने साफ करतो आणि बिघडलेली अंडी वेचून काढतो. २७-२८ अंश तापमानात सातव्या-आठव्या रात्री, दिवे मालवल्यानंतर, अंडी फुटतात. बाहेर येणारे पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे असते आणि त्याला पहिल्या दिवसापासून जिवंत भक्ष्य लागते. कोरडे खाद्य ते ओळखतही नाही. म्हणून आधी सूक्ष्म हिरवे शैवाल वाढवायचे, त्यावर रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पोसायचे, ते पिल्लांना द्यायचे आणि आठवडाभराने आर्टेमियाच्या नवजात अळ्यांकडे वळायचे. या साखळीतील एक कडी एका रात्रीसाठी तुटली तरी सकाळी टाकी रिकामी असते. दहा ते पंधरा दिवसांत पिल्लांवर पट्टे उमटू लागतात आणि विक्रीयोग्य आकार येण्यास पुढे काही महिने लागतात. हॅचरीतला मासा समुद्रातल्यापेक्षा कधी कधी महाग का असतो, याचे उत्तर या मजुरीत आहे. समुद्राने फुकट केलेल्या कामाची किंमत कोणी धरत नाही, एवढेच.

घरी मासा पाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा महागपणा बहुधा वसूल होतो. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून दाणेदार खाद्य खातो. काच, माणसाची सावली, पंपाचा आवाज यांना तो सरावलेला असतो. समुद्रातून आलेला मासा पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार अशा हातांतून, प्रत्येक ठिकाणी पिशवी बदलत, पुष्कळदा उपाशीपोटी आलेला असतो. वाटेत त्याच्याबरोबरचे किती मेले, याची नोंद दुकानाच्या पावतीवर नसते. थकलेल्या शरीरावर परजीवी उसळी घेतात. ब्रुकलिनेला हा एकपेशीय परजीवी तर क्लाऊनफिशशी इतका जोडला गेला आहे की त्याच्या रोगाला ‘क्लाऊनफिशचा आजार’ असेच म्हणतात. अंगावर पांढरट चिकट थर येतो, श्वास जलद होतो आणि काही दिवसांत, कधी काही तासांत, मासा जातो. नवी टाकी, नवा हौशी आणि आजारी मासा असे तिन्ही एकत्र आले की शेवट ठरलेला असतो.

जोडी जमवण्यातही हॅचरीचा मासा सोयीचा पडतो. लहान वयातले क्लाऊनफिश नर नसतात, मादीही नसतात. थोड्या वेगळ्या आकाराची दोन पिल्ले आणली की मोठे मादी होते, धाकटे नर आणि काही दिवसांच्या किरकोळ कुरबुरीनंतर संसार जमतो. समुद्रातून आलेले दोन मोठे मासे दोन वेगवेगळ्या फुलांतील माद्या निघाल्या तर मात्र एकीचा जीव जाईपर्यंत मारामारी चालू शकते. मादीचा पुन्हा नर होत नाही.

म्हणून टाकीतला मासा निर्दोष असतो असे नाही. पिल्लांच्या खाद्यात योग्य स्निग्धाम्ले कमी पडली की कल्ल्यांवरची झाकणे आखूड राहतात, जबडा वाकडा येतो, पट्टे तुटक किंवा अर्धवट उमटतात. तुटक पट्टा हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. आखूड झाकणातून लाल कल्ले उघडे दिसत असतील तर मात्र तो मासा घेऊ नये. त्याहून अधिक खटकणारा प्रकार म्हणजे ‘स्नोफ्लेक’, ‘पिकासो’ अशा नावांनी, चढ्या भावाने विकले जाणारे नक्षीदार वाण. विशिष्ट नक्षी टिकवण्यासाठी जवळच्या नात्यांत प्रजनन करावे लागते, आणि त्याची किंमत कुत्र्यांच्या हौशी जातींनी पूर्वीच चुकवलेली आहे. साधा, तीन पट्ट्यांचा नारिंगी ओसेलॅरिस हाच घरासाठी सर्वांत समंजस पर्याय होय. हॅचरीचा मासाही दुकानात समुद्रातून आलेल्या माशांच्या शेजारी, एकाच फिरत्या पाण्यात ठेवला गेला, तर त्यांचे परजीवी त्याला लागतात. त्यामुळे कोणताही मासा घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे अनिवार्य आहे.

पकडीच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो, आणि तो झटकून टाकता येत नाही. प्रवाळबेटांवरच्या मच्छीमाराला शोभिवंत मासे विकून पैसा मिळतो, तोवर भित्ती जिवंत ठेवण्यात त्याचा स्वार्थ असतो. हा धंदा शहरातल्या हॅचरीने बळकावला, तर तो उद्या तीच भित्ती सुरुंगाने उडवून खाण्याचे मासे गोळा करील. ज्या जातींची पैदास अद्याप साधलेली नाही आणि ज्यांची पकड ठरावीक संख्येत, हातजाळ्याने होते, त्यांच्याबाबत हे म्हणणे बरेच पटते. क्लाऊनफिशबाबत ते पटत नाही. सर्वांत सहज ओरबाडला जाणारा आणि सर्वांत सहज पैदा होणारा मासा एकच असेल, तर त्याला समुद्रातून आणण्याचे समर्थन करणे अवघड आहे. मच्छीमाराचा प्रश्न सुटायचाच असेल तर हॅचरी बेटावर नेऊन सुटेल. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पुढाकाराने स्थानिकांना शोभिवंत समुद्री जिवांच्या संगोपनाचे प्रशिक्षण दिले गेले आहे, ती दिशा या दृष्टीने योग्य वाटते.

दुकानात फरक ओळखायचा कसा? पहिली अडचण शब्दांची आहे. ‘टाकीत जन्मलेला’, ‘टाकीत वाढवलेला’ आणि ‘टाकीत रुळलेला’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रातून आणून महिनाभर टाकीत ठेवलेला मासाही दुसऱ्या किंवा तिसऱ्या नावाने खपतो. म्हणून प्रश्न नेमका विचारावा, की हा कोणत्या हॅचरीत जन्मला? ज्याच्याकडे हॅचरीचा माल आहे तो नाव सांगतो. आकारावरूनही अंदाज येतो. एकाच वयाची, अडीच ते चार सेंटिमीटरची, सारख्या आकाराची डझनभर पिल्ले एकत्र पोहत असतील तर ती बहुधा हॅचरीची असतात. वेगवेगळ्या आकाराचे, मोठे, कोपऱ्यात दबून बसलेले मासे बहुधा समुद्रातले. खात्रीची चाचणी सोपी आहे. दुकानदाराला समोर दाणे टाकायला सांगावे. जो मासा दाण्यावर झेपावत नाही तो कुठूनही आलेला असो, घेऊ नये.

यानंतर येते ती चूक, जी भलेभले हौशी करतात. मासा हॅचरीतला घेतात आणि त्याला ‘घर’ हवे म्हणून समुद्रातून उपटलेले समुद्रफूल विकत घेतात. समुद्रफूल अतिशय दीर्घायुषी, सावकाश वाढणारे आणि टाकीत जगवायला माशापेक्षा कितीतरी कठीण असते. त्याला प्रखर प्रकाश आणि अनेक महिने मुरलेले पाणी लागते. मेल्यावर ते सडून अख्खी टाकी नासवते. क्लाऊनफिशला टाकीत फुलाची गरजच नसते. शिकारी नसलेल्या जागी तो फुलाविना वर्षानुवर्षे सुखाने राहतो, अंडीही घालतो. फार तर एखाद्या कोपऱ्याला किंवा पंपाला आपले फूल मानतो. फूल हवेच असेल तर टाकीत विभागून वाढलेले ‘बबल टिप’ जातीचे घ्यावे, तेही टाकी वर्षभराची झाल्यावर. सजावटीसाठी प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड विकत घेणे हा तर थेट कायदेभंग ठरू शकतो. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झालेला आहे. म्हणजे कागदोपत्री वाघाला असलेलेच संरक्षण त्यांना आहे. समुद्रघोडाही त्याच यादीत येतो.

गोव्यातील हौशींना समुद्र दाराशी असल्याने आणखी एक मोह पडतो, तो मिरामारहून किंवा दोनापावलाहून पाणी भरून आणण्याचा. मांडवी आणि झुआरीच्या मुखाजवळचे पाणी पावसाळ्यात नदीच्या पुराने अगदी फिके होते, उन्हाळ्यात पुन्हा खारट होते, शिवाय बंदरे आणि बोटींचे तेल व सांडपाणी त्यात मिसळते ते वेगळेच. क्लाऊनफिशला हवी असते ती स्थिरता. १.०२३ ते १.०२६ विशिष्ट घनता, २५ ते २८ अंश तापमान, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. गाळणयंत्राच्या शुद्ध पाण्यात बाजारी समुद्री मीठ मिसळणे हाच खात्रीचा मार्ग आहे. एका जोडीला किमान ७५ ते १०० लिटरची टाकी द्यावी आणि मासा आणण्यापूर्वी ती चार ते सहा आठवडे नुसती चालू ठेवावी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात रुजतात. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते हे लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवावा.

आणि मासा नकोसा झाला, टाकी मोडायची झाली, तर त्याला नदीत किंवा किनाऱ्यावर सोडून देऊ नये. योग्य समुद्रफूल नसलेल्या पाण्यात तो मोठ्या माशाचे भक्ष्य होतो, आणि टाकीतले रोगजंतू मात्र समुद्रात उरतात. तो दुसऱ्या हौशीला किंवा दुकानदाराला परत द्यावा. नीट सांभाळलेला क्लाऊनफिश टाकीत दहा वर्षे, कधी वीस वर्षेही जगतो. तेव्हा घेतानाच घरातल्या कोणाकडे तो पुढे सोपवायचा, हेही ठरवलेले बरे.